ध्यानचंद

मेजर ध्यानचंद (२९ ऑगस्ट १९०५, प्रयागराज – ३ डिसेंबर १९७९, नवी दिल्ली) हे भारतीय हॉकीपटू होते. १९२८, १९३२ आणि १९३६ या तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांचे ते सेंटर फॉरवर्ड होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांनी संघाचे नेतृत्व केले. २९ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस भारतात राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. कोल्हापूर येथील हॉकी मैदानासह देशातील अनेक क्रीडांगणांना त्यांचे नाव देण्यात आले आहे.

ध्यानचंद यांची ओळख प्रामुख्याने विक्रमी गोल करणारा खेळाडू अशी आहे. मात्र ज्या जागेवर ते खेळले, त्या जागेचे काम गोल करण्यापुरते मर्यादित नव्हते. आघाडीच्या पाच खेळाडूंना एकत्र बांधून ठेवणे आणि चेंडू योग्य वेळी योग्य सहकाऱ्याकडे सोपवणे ही सेंटर फॉरवर्डची मुख्य जबाबदारी होती. त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाच्या सामन्यांवरून हे स्पष्ट होते.

बालपण आणि लष्करातील प्रवेश

ध्यानचंद यांचे मूळ नाव ध्यानसिंह. त्यांचे वडील सोमेश्वर दत्त सिंह ब्रिटिश भारतीय लष्करात होते आणि लष्करी संघातून हॉकी खेळत असत. मूलसिंह आणि रूपसिंह हे त्यांचे भाऊ. वडिलांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे ध्यानचंद यांचे शालेय शिक्षण सहा वर्षांतच थांबले. पुढे हे कुटुंब झाशी येथे स्थायिक झाले आणि झाशी हेच त्यांचे कायमचे गाव ठरले.

लहानपणी त्यांना हॉकीचे विशेष आकर्षण नव्हते. त्यांची आवड कुस्तीकडे होती. १९२२ मध्ये ते ब्राह्मण पलटणीत शिपाई म्हणून दाखल झाले आणि तेथेच त्यांच्या खेळाला खऱ्या अर्थाने सुरुवात झाली. पलटणीतील सुभेदार मेजर बाळे तिवारी यांनी त्यांना हॉकीचे प्राथमिक धडे दिले. नंतर त्यांची बदली चौदाव्या पंजाब रेजिमेंटमध्ये झाली. दिवसभराची कामे आटोपल्यावर ते चंद्रप्रकाशात सराव करीत आणि त्यावरून सोबत्यांनी त्यांना चंद हे नाव दिले, असे सांगितले जाते.

१९२२ ते १९२६ या काळात ते केवळ लष्करी स्पर्धांत खेळले. झेलम येथील पायदळाच्या एका स्पर्धेत त्यांचा संघ दोन गोलांनी मागे होता आणि सामना संपण्यास चार मिनिटे उरली होती. त्या चार मिनिटांत ध्यानचंद यांनी तीन गोल करून सामना जिंकून दिला. या सामन्यानंतर लष्करी वर्तुळात त्यांचे नाव झाले. १९२६ मध्ये भारतीय लष्कराच्या संघाने न्यूझीलंडचा दौरा केला. त्या संघात त्यांची निवड झाली. संघाने २१ पैकी १८ सामने जिंकले, २ बरोबरीत सोडवले आणि १ गमावला. दौऱ्याहून परतल्यावर त्यांना लान्स नाईक पदावर बढती मिळाली.

सेंटर फॉरवर्ड या जागेची वैशिष्ट्ये

ध्यानचंद यांच्या काळात हॉकीचा संघ ठरावीक रचनेत खेळत असे. गोलरक्षकापुढे दोन फुलबॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक आणि सर्वांत पुढे पाच फॉरवर्ड अशी ती मांडणी होती. दोन्ही कडांना आउटसाइड राइट व आउटसाइड लेफ्ट, त्यांच्या आतल्या बाजूस इनसाइड राइट व इनसाइड लेफ्ट आणि मधोमध सेंटर फॉरवर्ड असे हे पाच खेळाडू असत.

कडेच्या खेळाडूच्या एका बाजूस मैदानाची रेषा असते. त्यामुळे प्रतिस्पर्धी त्याच्यावर मुख्यतः एकाच बाजूने चालून येतात. वेग राखणे, रेषेलगत चेंडू पुढे नेणे आणि तो मध्यभागी टाकणे हे त्याचे काम. इनसाइड खेळाडू हाफबॅक आणि आघाडी यांच्यामधील दुवा असतो. त्याला मागे येऊन चेंडू घ्यावा लागतो आणि सर्वाधिक धावावे लागते. फुलबॅक व हाफबॅक यांना खेळ बव्हंशी समोर दिसत असतो. सेंटर फॉरवर्डची स्थिती यांपेक्षा वेगळी असते. पुष्कळदा त्याची पाठ प्रतिस्पर्ध्यांच्या गोलकडे असते. त्याच्यावर समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी दबाव येतो. प्रतिस्पर्धी सेंटर हाफ त्याच्यावर सतत लक्ष ठेवून असतो आणि वर्तुळाजवळ दोन्ही फुलबॅक त्याला घेरतात. चेंडू मिळाल्यापासून निर्णय घेण्यापर्यंत त्याला सर्वांत कमी वेळ मिळतो.

हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळावा लागतो. त्यामुळे उजवीकडून डावीकडे चेंडू देणे सोपे असते. डावीकडून उजवीकडे देताना खेळाडूला शरीर वळवून चेंडूच्या भोवती यावे लागते. कडेच्या खेळाडूला मुख्यतः एकाच दिशेने चेंडू द्यावा लागतो. सेंटर फॉरवर्डला मात्र दोन्ही दिशा सारख्याच सफाईने साधाव्या लागतात. तसे न झाल्यास संघाची एक बाजू आपोआप निकामी होते.

त्या काळी ऑफसाइडचा नियमही अधिक कडक होता. चेंडू खेळला जाताना आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक होते. त्यामुळे मधल्या खेळाडूला आधीच गोलजवळ जाऊन थांबता येत नसे. चेंडू निघण्याचा क्षण ओळखून त्याच वेळी धाव घ्यावी लागे.

याखेरीज सेंटर फॉरवर्डकडे बुलीची जबाबदारी असे. सामन्याच्या आरंभी, मध्यंतरानंतर आणि प्रत्येक गोलनंतर मैदानाच्या मध्यभागी दोन्ही संघांचा प्रत्येकी एक खेळाडू समोरासमोर उभा राहत असे. दोघेही जमिनीला आणि एकमेकांच्या स्टिकला आळीपाळीने तीन वेळा स्टिक लावत आणि मग चेंडूसाठी झटापट होई. ही बुली सामान्यतः दोन्ही सेंटर फॉरवर्ड खेळत. १९८० च्या दशकाच्या आरंभी खेळ सुरू करण्याची ही पद्धत बंद झाली. आइस हॉकीत आजही पंच दोन खेळाडूंमध्ये चकती टाकून खेळ सुरू करतात आणि ते काम सेंटर या खेळाडूकडेच असते. मात्र आइस हॉकीतील सेंटरला स्वतःच्या गोलपर्यंत मागे येऊन बचावही करावा लागतो. मैदानी हॉकीच्या जुन्या रचनेत हे ओझे सेंटर हाफ आणि इनसाइड खेळाडूंवर अधिक असे.

या सर्व गरजा एकत्र पाहिल्यास चेंडूवरील ताबा ही सेंटर फॉरवर्डसाठी केवळ पहिली पायरी ठरते. ध्यानचंद यांच्याकडे तो ताबा असामान्य होता. परंतु चेंडू स्वतःजवळ किती वेळ ठेवायचा आणि कधी सोडायचा याविषयीची त्यांची जाण अधिक मोलाची मानली जाते.

अ‍ॅमस्टरडॅम, १९२८

भारतीय हॉकी महासंघाची स्थापना १९२५ मध्ये ग्वाल्हेर येथे झाली. ऑलिंपिकसाठी संघ निवडण्याकरिता १९२८ मध्ये कलकत्ता येथे आंतरप्रांतीय स्पर्धा घेण्यात आली. ध्यानचंद संयुक्त प्रांताच्या संघातून खेळले आणि त्या संघाने ही स्पर्धा जिंकली. निवडलेल्या भारतीय संघाचे नेतृत्व जयपालसिंह यांच्याकडे देण्यात आले.

संघ मुंबईहून बोटीने युरोपला रवाना झाला. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाविरुद्ध झालेल्या सामन्यात ऑलिंपिक संघाचा २–३ असा पराभव झाला होता. त्यामुळे या संघाकडून फारशा अपेक्षा नव्हत्या आणि निरोप देण्यासाठी बंदरावर अगदी मोजकी माणसे आली होती.

अ‍ॅमस्टरडॅम येथे भारताने ऑस्ट्रियाला ६–०, बेल्जियमला ९–०, डेन्मार्कला ५–० आणि स्वित्झर्लंडला ६–० असे हरवले. २६ मे १९२८ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सवर ३–० असा विजय मिळाला. जयपालसिंह या सामन्यात नव्हते; सेंटर हाफ ब्रूम पिनिगर यांनी नेतृत्व केले. पाच सामन्यांत भारताने २९ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्यांपैकी १४ गोल ध्यानचंद यांचे होते. परतल्यावर मुंबई बंदरावर संघाच्या स्वागतासाठी मोठी गर्दी जमली होती.

लॉस एंजेलिस, १९३२

१९३२ च्या ऑलिंपिक संघात ध्यानचंद यांच्यासोबत त्यांचे धाकटे भाऊ रूपसिंह यांचीही निवड झाली. रूपसिंह इनसाइड लेफ्ट या जागेवर, म्हणजे ध्यानचंद यांच्या लगतच्या जागेवर खेळत. संघाचे कर्णधार लालशाह बुखारी होते. जागतिक मंदी आणि अमेरिकेपर्यंतचा लांबचा प्रवास यांमुळे हॉकीत केवळ तीन संघ उतरले.

भारताने जपानला ११–१ आणि ११ ऑगस्ट रोजी अमेरिकेला २४–१ असे पराभूत केले. अमेरिकेविरुद्धच्या २४ गोलांपैकी १० रूपसिंह यांनी, ८ ध्यानचंद यांनी, ५ गुरमीतसिंह यांनी आणि १ पिनिगर यांनी केला. आघाडीच्या मधल्या तीन खेळाडूंनी मिळून २३ गोल केले. दोन्ही सामने मिळून भारताच्या ३५ गोलांत रूपसिंह यांचे १३ आणि ध्यानचंद यांचे १२ गोल होते. जगातील सर्वश्रेष्ठ सेंटर फॉरवर्ड गणल्या जाणाऱ्या खेळाडूपेक्षा त्याच्या डाव्या हाताला खेळणाऱ्या खेळाडूचे गोल अधिक होते. बचावपटू ध्यानचंद यांच्याकडे खेचले गेल्यामुळे शेजारी मोकळी जागा निर्माण होत असे आणि चेंडू तेथे वेळेवर पोहोचत असे. डावीकडे चेंडू देणे ही स्टिकची नैसर्गिक दिशा असल्यामुळे या दोन भावांची जोडी विशेष परिणामकारक ठरली.

ऑलिंपिकला जोडून झालेल्या दीर्घ दौऱ्यात संघाने एकूण ३७ सामने खेळले आणि ३३८ गोल केले. त्यांपैकी १३३ गोल ध्यानचंद यांचे होते.

बेटन चषक, १९३३

कलकत्ता येथील बेटन चषक ही त्या काळातील भारतातील सर्वांत प्रतिष्ठेची हॉकी स्पर्धा होती. १९३३ च्या अंतिम सामन्यात ध्यानचंद यांचा झाशी हीरोज संघ बलाढ्य कलकत्ता कस्टम्स संघाविरुद्ध उतरला. कस्टम्सच्या संघाने बराच काळ आक्रमण चालू ठेवले होते. उत्तरार्धात ध्यानचंद यांनी मैदानाच्या मध्यापासून एक लांब पास पुढे सोडला. वेगवान सहकारी इस्माईल यांनी धावत जाऊन तो गाठला आणि सामन्यातील एकमेव गोल केला. झाशी हीरोजने चषक जिंकला.

आपण खेळलेला सर्वोत्तम सामना म्हणून ध्यानचंद यांनी पुढे याच सामन्याचा उल्लेख केला. शेकडो गोल करणाऱ्या या खेळाडूने निवडलेल्या सामन्यात त्यांचा स्वतःचा एकही गोल नव्हता.

बर्लिन, १९३६

१९३५ मध्ये ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाचा दौरा केला. ४८ सामन्यांत संघाने ५८४ गोल केले. त्यांपैकी २०१ ध्यानचंद यांचे होते. या दौऱ्यात अ‍ॅडलेड येथे त्यांची क्रिकेटपटू डॉन ब्रॅडमन यांच्याशी भेट झाली. पुढील वर्षी बर्लिन ऑलिंपिकसाठी त्यांना कर्णधार नेमण्यात आले.

स्पर्धेपूर्वी १७ जुलै रोजी जर्मनीविरुद्ध झालेल्या सराव सामन्यात भारताचा १–४ असा पराभव झाला. या पराभवाने संघाला मोठा धक्का बसला. इनसाइड राइटची जागा कमकुवत राहिल्याने आघाडीची उजवी बाजू जमत नसल्याचे दिसून आले. मधला खेळाडू कितीही निपुण असला तरी दोन्ही बाजूंच्या इनसाइड खेळाडूंशी त्याचा मेळ नसेल तर आक्रमण उभे राहत नाही. संघव्यवस्थापनाने भारतातून अली इक्तिदार शाह दारा यांना तातडीने बोलावून घेतले. ते विमानाने जर्मनीत आले आणि उपान्त्य सामन्यापासून संघात खेळले.

भारताने हंगेरीला ४–०, अमेरिकेला ७–० आणि जपानला ९–० असे हरवले. दारा संघात आल्यावर उपान्त्य सामन्यात फ्रान्सवर १०–० असा विजय मिळाला. अंतिम सामना १४ ऑगस्ट रोजी जर्मनीविरुद्ध व्हायचा होता. पावसामुळे तो १५ ऑगस्टला झाला. सामन्यापूर्वी संघाचे सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी खेळाडूंच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा आणला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले. अधिकृतपणे हा संघ ब्रिटिश भारताच्या ध्वजाखाली खेळत होता आणि कर्णधारासह अनेक खेळाडू सरकारी वा लष्करी सेवेत होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

मैदान ओले होते. मध्यंतराला भारत केवळ १–० असा आघाडीवर होता. उत्तरार्धात ध्यानचंद बूट काढून खेळले आणि भारताच्या आक्रमणाला गती आली. भारताने सामना ८–१ असा जिंकला. संपूर्ण स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि अंतिम सामन्यातील एकमेव गोल स्वीकारला. मराठी मुलखातून आलेले हाफबॅक बाबू निमल या विजयी संघात होते. आघाडीच्या मधल्या खेळाडूपर्यंत चेंडू पोहोचवणे हे हाफबॅक फळीचे काम असल्यामुळे त्यांचा वाटा महत्त्वाचा होता.

आख्यायिका

ध्यानचंद यांच्याविषयी अनेक कथा प्रचलित आहेत. नेदरलँड्समध्ये त्यांच्या स्टिकमध्ये चुंबक असल्याच्या शंकेने ती तोडून पाहण्यात आली, अशी एक कथा आहे. बर्लिनच्या अंतिम सामन्यानंतर अ‍ॅडॉल्फ हिटलरने त्यांना जर्मन लष्करात पद देऊ केले आणि त्यांनी ते नाकारले, अशी दुसरी कथा विशेष लोकप्रिय आहे. या कथांना समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही. त्यांच्या एकूण गोलांच्या संख्येबाबतही निरनिराळ्या नोंदींत फरक आढळतो. अशा कथांमुळे त्यांचे यश स्टिकच्या जादूशी जोडले जाते आणि सहकाऱ्यांना खेळवून घेण्याचे त्यांचे कौशल्य मात्र मागे पडते.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झाली नाहीत. १९४७–४८ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ध्यानचंद यांनी पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यात भारतीय संघाचे नेतृत्व केले. त्यानंतर ते स्पर्धात्मक हॉकीतून निवृत्त झाले. त्यांचे गोल हे आत्मचरित्र १९५२ मध्ये प्रकाशित झाले. १९५६ मध्ये ते लष्करातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पुरस्कार दिला. पुढे त्यांनी पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत हॉकीचे मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले.

अखेरच्या काळात ते झाशीत राहिले. हे दिवस आर्थिक ओढाताणीचे होते. नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ३ डिसेंबर १९७९ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. झाशी हीरोज संघाच्या मैदानावर त्यांच्यावर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांचे पुत्र अशोककुमार हेही भारताकडून हॉकी खेळले. १९७५ मध्ये क्वालालंपूर येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा विजयी गोल अशोककुमार यांनी केला.

स्मृती आणि कोल्हापूर

नवी दिल्लीतील राष्ट्रीय स्टेडियमला ध्यानचंद यांचे नाव देण्यात आले आहे. २०२१ मध्ये देशातील सर्वोच्च क्रीडा पुरस्काराचे नाव बदलून मेजर ध्यानचंद खेलरत्न पुरस्कार असे करण्यात आले.

महाराष्ट्रात कोल्हापूर येथील मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम हे त्यांच्या नावाचे एक स्मारक आहे. कोल्हापूर शहराची क्रीडापरंपरा मुख्यतः राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभारलेल्या खासबाग मैदानातील कुस्तीसाठी आणि तालीम मंडळांच्या फुटबॉलसाठी ओळखली जाते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि पेठापेठांतील प्रेक्षक त्यांच्यामागे उभे राहतात. या दोन खेळांच्या तुलनेत हॉकीचा प्रेक्षकवर्ग लहान असला, तरी कसबा बावड्याजवळील लाइन बाजार परिसरात या खेळाची जुनी परंपरा आहे.

कोल्हापूरच्या क्रीडारसिकांना ध्यानचंद यांच्या आयुष्यातील दोन गोष्टी जवळच्या वाटण्याजोग्या आहेत. एक म्हणजे त्यांचे बालपणीचे कुस्तीचे वेड. दुसरी म्हणजे फुटबॉलमधील सेंटर फॉरवर्डशी त्यांच्या जागेचे असलेले साम्य, कारण पाच फॉरवर्डची जुनी रचना हॉकी आणि फुटबॉल या दोन्ही खेळांत होती. कृत्रिम मैदान, बदललेला ऑफसाइड नियम आणि अमर्याद बदली खेळाडू यांमुळे आधुनिक हॉकीत ही रचना आता उरलेली नाही. मात्र मधल्या जागेवरील खेळाडूने चारही बाजूंचा दबाव स्वतःवर घेऊन सहकाऱ्याला मोकळे करावे, ही अपेक्षा आजही कायम आहे. ध्यानचंद यांचा खेळ हे त्याचे प्रमुख उदाहरण मानले जाते.